तास मोजणारा देश आणि न्यूनेनचा प्रोग्रॅमर

आठवड्याला ७० तास की ९०, हा वाद आपल्याकडे काही केल्या मिटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी देशासाठी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं आणि रविवारच्या कामाचं बोलणं बाहेर आलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांतला कामाचा दिवस ९ तासांवरून १० वर आणि कारखान्यांतला ९ वरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. घरच्या फोनवर, शाळेच्या ग्रुपवर, इथल्या मराठी घरांतल्या दिवाळी फराळाला, सगळीकडे हाच विषय. आणि मी नेदरलँड्समध्ये राहतो म्हटल्यावर कुणीतरी विचारतंच, "तुमच्याकडे लोक चारच दिवस काम करतात म्हणे. मग चालतं कसं सगळं?"

चालतं, आणि उत्तम चालतं. मी आइंडहोवनमध्ये प्रोग्रॅमिंग करतो, त्याआधी पुण्यात हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये करत होतो. दोन्हीकडचं काम आतून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय, की आमच्या धंद्यात काम तासांवर मोजणं मुळातच चूक आहे आणि आपण त्याची फार मोठी किंमत मोजतो आहोत. हे सांगताना मला दोन डच प्रोग्रॅमर आठवतात. दोघंही माझ्यासारखेच देश सोडून गेले, फक्त ते इथून अमेरिकेला गेले.

पहिला एड्सगर डायक्स्ट्रा. संगणकशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने त्याचा सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याचा अल्गोरिदम, म्हणजे पायरीपायरीने उत्तर काढण्याची रीत, परीक्षेत सोडवलेला असतो. १९५२ मध्ये तो ॲमस्टरडॅमच्या गणित संस्थेत प्रोग्रॅमर म्हणून लागला, तेव्हा असा काही व्यवसाय आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. १९५७ मध्ये लग्नाची नोंद करताना त्याने 'प्रोग्रॅमर' लिहिलं तर नगरपालिकेने ते स्वीकारलं नाही, आणि नोंद झाली 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' अशी. तो अल्गोरिदम त्याला सुचला १९५६ मध्ये, ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत. होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमला होता, कॉफी प्यायला बसला आणि वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, डोक्यातल्या डोक्यात त्याने तो बसवला. नव्या संगणकाचं प्रात्यक्षिक सामान्य माणसाला कळेल असं करायचं होतं, म्हणून त्याने नेदरलँड्समधली ६४ शहरं घेऊन त्यांतल्या कुठल्याही दोन शहरांमधला सर्वांत जवळचा रस्ता काढून दाखवायचं ठरवलं. आज फोनवरचा नकाशा आपल्याला वाट दाखवतो, त्याच्या मुळाशी हा विचार आहे.

अर्थात त्या वीस मिनिटांमागे चार वर्षांची मेहनत होती, हे मी विसरत नाही. डायक्स्ट्रा आळशी नव्हता. पण ती वीस मिनिटं कुठल्या टाइमशीटमध्ये, म्हणजे कामाच्या तासांच्या तक्त्यात, कुठल्या प्रोजेक्ट कोडखाली भरली असती?

तो पुढे आइंडहोवनमध्ये प्राध्यापक झाला आणि शेजारच्या न्यूनेन गावात राहू लागला. हे तेच गाव, जिथे व्हॅन गॉगने १८८५ मध्ये बटाटे खाणारं शेतकरी कुटुंब रंगवलं. १९७३ पासून बरोज या अमेरिकन संगणक कंपनीसाठी तो तिथल्या घरूनच काम करायचा. घरून कामाचा गाजावाजा आपण २०२० नंतर ऐकला, तो माणूस त्याच्या जवळपास अर्धशतक आधी गावातल्या घराच्या अभ्यासिकेत बसून, शाईच्या पेनाने टिपणं लिहून, त्यांच्या प्रती जगभरच्या सहकाऱ्यांना टपालाने पाठवत होता. आठवड्यातून एकदा, मंगळवारी दुपारी, विद्यापीठात काही जण जमायचे आणि एखादा शोधनिबंध ओळीओळीने तपासायचे. अशी १३०० हून अधिक टिपणं त्याने लिहिली. त्यातल्या एकात त्याने म्हटलंय की कोडच्या ओळी मोजायच्याच असतील तर त्या 'कमावलेल्या' म्हणून मोजू नयेत, 'खर्च झालेल्या' म्हणून मोजाव्यात. आपल्याकडच्या आयटी सर्व्हिस कंपनीत काम केलेल्या माणसाने हे वाचलं तर त्याला जुने हिशेब आठवतील.

१९८४ मध्ये तो सहकुटुंब टेक्ससला गेला, ऑस्टिनच्या विद्यापीठात. तिथेही राहणी साधीच. बायकोबरोबर फोक्सवॅगनची कॅम्पर गाडी घेऊन राष्ट्रीय उद्यानं पालथी घालायची. गाडीचं नाव त्यांनी 'टूरिंग मशीन' ठेवलं होतं, संगणकशास्त्रातल्या 'ट्युरिंग मशीन'वरचा विनोद. पियानो वाजवायचा. लिखाण पेनानेच. अमेरिकेत राहून अमेरिकेतल्या संगणकशिक्षणावर टीका करायला तो कचरला नाही, आणि युरोपवरही नाही. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना याच विषयाकडे किती वेगळ्या नजरेने पाहतात, यावर तर त्याने तिकडे जाण्याच्या आधीच, १९७६ मध्ये, एक आख्खं टिपण लिहिलं होतं. फेब्रुवारी २००२ मध्ये, हाती थोडेच महिने उरलेत हे कळल्यावर, तो न्यूनेनच्या त्याच घरी परत आला आणि ऑगस्टमध्ये गेला. परदेशी राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून काय वाटतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसरा गुइदो व्हॅन रॉसम. १९८९ च्या नाताळात सुट्टीमुळे ऑफिस बंद होतं, हाताला काम हवं म्हणून याने घरी एक छोटी भाषा लिहायला घेतली. ती पायथन. तो ज्या संस्थेत होता ती डायक्स्ट्राचीच जुनी गणित संस्था, नाव बदललेली. १९९१ मध्ये भाषेची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली, १९९५ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि पुढे गूगलमध्ये असताना त्याचा निम्मा वेळ पायथनसाठी राखून ठेवलेला होता. आज पुण्यात बी. ई. करणारी मुलं पहिल्या वर्षाला जी भाषा शिकतात, ती एका बंद ऑफिसच्या सुट्टीतून आली.

इथे मला कुणी म्हणेल, की शेवटी दोघं गेले ना अमेरिकेला? मग डच व्यवस्थेचं काय कौतुक? हा प्रश्न रास्त आहे. नेदरलँड्स हा छोटा देश. आपली सर्वांत तल्लख माणसं त्याला टिकवता आली नाहीत आणि आज आइंडहोवनच्या चिप उद्योगाला माझ्यासारखे हजारो लोक बाहेरून आणावे लागतात. पण मूळ काम दोघांनीही इथे, उसंत मिळालेल्या काळात केलं. अमेरिकेने त्या कामाला विस्तार दिला.

आता आपल्याकडे ही उसंत का नाही, याचं कारण नुसतं कुणाच्या स्वभावात नाही, ते धंद्याच्या रचनेत आहे. भारतीय आयटीचा मोठा भाग माणसाच्या तासांवर पैसे लावून उभा राहिला. अमुक इतके इंजिनिअर, अमुक इतके तास, अमुक इतका दर, असं बिल परदेशी ग्राहकाला जातं. मी हिंजवडीत होतो तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी कोड राहिला तरी चालेल पण टाइमशीट राहून चालत नसे. 'बिलेबल' असणं, म्हणजे ज्याच्या तासांचं बिल ग्राहकाला लावता येतं असं असणं, हा माणसाचा दर्जा होता, आणि 'बेंच'वर गेलेला, म्हणजे प्रोजेक्ट नसलेला, मुलगा कॅन्टीनमध्ये खाली मान घालून जेवायचा. एखाद्याने आठवड्याचं काम दोन दिवसांत संपेल अशी स्क्रिप्ट लिहिली तर त्यात कंपनीचं उत्पन्न घटायचं. अशा धंद्यात वाढलेल्या कर्तबगार माणसाला जास्त तास म्हणजे जास्त संपत्ती वाटणं स्वाभाविक आहे, कारण त्याच्या ताळेबंदात ते खरंच होतं. मूर्तींच्या पिढीने लाखो घरांत पहिला मोठा पगार पोचवला, माझ्याही घरात. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो हिशेब देशाचा नियम म्हणून सांगणं मला मान्य नाही.

आणि त्या ७० तासांत वाकड पुलाखालची तुंबलेली वाहतूक धरलेली नसते, अमेरिकेतल्या ग्राहकाबरोबरचे रात्री साडेदहाचे कॉलही नसतात.

इथलं रोजचं चित्र सांगतो. आमच्या टीमची तांत्रिक प्रमुख एक पन्नाशीची बाई आहे, आठवड्याला ३२ तास काम करते. बुधवारी तिच्या कॅलेंडरवर सुट्टीची राखाडी पट्टी असते आणि तिथे मीटिंग टाकण्याचं कुणाच्या मनातही येत नाही. मागच्या वर्षी एका जुन्या मॉड्यूलवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका भागावर, आम्ही सगळे नवीनच काही रचत बसलो होतो. तिने गुरुवारी सकाळी येऊन फळ्यावर एक आकृती काढली आणि ते मॉड्यूलच काढून टाकता येतं हे दाखवून दिलं. तिची ती पुलरिक्वेस्ट, म्हणजे कोडमधले बदल तपासायला पाठवण्याची नोंद, जवळपास सगळी लाल होती, नुसत्या पुसलेल्या ओळी. पुण्याच्या माझ्या जुन्या तक्त्यात त्या आठवड्याची तिची उत्पादकता शून्याच्याही खाली गेली असती.

बुधवारी माझीही सुट्टी असते. बऱ्याच प्राथमिक शाळा त्या दिवशी दुपारीच सुटतात, आणि फाटकाबाहेर पुढे लाकडी पेटी लावलेल्या सायकली घेऊन जितक्या आया उभ्या असतात, त्यांच्यात बापही दिसतात. पावसाने भिजलेले, हातात केळं आणि पाण्याची बाटली. माझ्या वडिलांनी मला शाळेतून कधी आणल्याचं आठवत नाही. ते वाईट नव्हते, त्यांच्या पाळ्या असायच्या.

हे सगळं डच लोकांना आयतं मिळालेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन आणि जपानी लोक जादा राबले, हा मूर्तींचा दाखला बरोबरच आहे. डच लोकही राबले, शनिवारची सुट्टी त्यांना १९६० च्या आसपास मिळाली. पण पुढचा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही. १९८२ मध्ये देशात बेकारी भयंकर वाढलेली असताना मालक आणि कामगार संघटनांनी वासेनार गावात करार केला, की संघटना पगारवाढ रोखून धरतील आणि त्याबदल्यात कामाचे तास कमी करून काम जास्त लोकांत वाटलं जाईल. म्हणजे तास कमी झाले ते मंदीत, रोजगार वाढवण्यासाठी. पदवीधर मुलं नोकरीसाठी रांगा लावतात त्या आपल्या राज्यात, हातात नोकरी असलेल्यांनी दीड माणसाचं काम करावं असा आग्रह कशासाठी?

इथेही वाद आहेत, आणि ते मी लपवणार नाही. नेदरलँड्सचा सरासरी आठवडा ३२ तासांच्या आसपास भरतो, युरोपीय संघात सर्वांत कमी; पण त्यात अर्धवेळ काम करणाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे, पूर्णवेळवाले ४० च्या जवळपासच करतात. अर्धवेळ काम करणाऱ्यांत बायका जास्त आहेत आणि घटस्फोट झाला की त्यांचे हाल होतात. शाळांना शिक्षक मिळत नाहीत, रुग्णालयांना परिचारिका मिळत नाहीत, म्हणून लोकांनी थोडे तास वाढवावेत अशी मागणी इथले राजकारणी सतत करतात. मला ती बऱ्याच अंशी पटते. फरक एवढाच की इथे वाद ३२ आणि ३६ मधला आहे आणि सर्वसाधारण नोकरदारासाठी आठवड्याला ६० तासांची कायदेशीर कमाल मर्यादा आहे. सोळा आठवड्यांची सरासरी ४८ च्या वर जाऊ द्यायची नाही, असंही कायदा म्हणतो. ७० तासांचा सल्ला इथे एखाद्या मालकाने अमलात आणला तर तो कायद्याचा भंग ठरेल.

कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. पण जुलै २०२४ मध्ये पुण्यात एक २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी नोकरी लागून चार महिने होतात न होतात तोच गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं कामाच्या बोजाबद्दलचं पत्र देशभर वाचलं गेलं, तेव्हा कामगार खात्याच्या पाहणीत आढळलं की त्या कार्यालयाने या कायद्याखालची नोंदणीच वर्षानुवर्षं केलेली नव्हती. ते पत्र मी इथे ट्रेनमध्ये वाचलं आणि पुढचे दोन दिवस मला काही सुचलं नाही. तास किती असावेत यावर एवढा गदारोळ करणाऱ्या आपण सगळ्यांनी, ते मोजायला कुणी जातं का, हे आधी विचारायला हवं होतं.

मला महाराष्ट्रात एक तरतूद हवी आहे, आणि ती स्वस्त आहे. २०१६ पासून इथल्या कायद्याने, नोकरीला २६ आठवडे झालेल्या कुणालाही कामाचे तास कमी किंवा जास्त करून मागता येतात. दहा किंवा अधिक माणसांच्या कंपनीला सबळ व्यावसायिक कारण दिल्याशिवाय नकार देता येत नाही. मी ती मागणी केली तेव्हा कुणी भुवई उंचावली नाही, बढतीही रखडली नाही. पगार तासांच्या प्रमाणात कमी झाला, तो घरी आम्ही दोघांनी हिशेब करून स्वीकारला. पुण्यात असं मागणारी बाई आज सरळ राजीनामा देते, आणि दहा वर्षं शिकलेली प्रोग्रॅमर उद्योगाच्या हातून जाते. हिंजवडीतल्या माझ्या बॅचच्या हुशार मुलींपैकी किती जणी आज घरी आहेत हे आठवलं की चीड येते.

माझी भाची यंदा कोथरूडच्या घरून कॅम्पस मुलाखती देते आहे. पॅकेजचे आकडे तिला तोंडपाठ आहेत. मी तिला म्हटलं, "शेवटी 'काही प्रश्न आहेत का' विचारतील ना, तेव्हा गप्प बसू नकोस. टाइमशीट किती तासांची भरावी लागते ते विचार. रात्रीचे कॉल आठवड्यातून किती, तेही. आणि टीममध्ये लहान मूल असलेली माणसं आहेत का, आणि ती किती वाजता निघतात, ते विचार." ती म्हणाली, "मामा, असं विचारलं तर घेणार नाहीत." मी तिला सांगितलं, दोनचार ठिकाणी नाही घेणार. पण वर्गातल्या सगळ्यांनी मिळून विचारलंत तर त्यांना उत्तर तयार ठेवावं लागेल. ती मैत्रिणींशी बोलणार आहे.