जांभळा गुलाब कोल्हापूरच्या थंडीनं मरत नाही

दिवाळी सरली की बागवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लव्हेंडर आणि जांभळे गुलाब थंडीला कच्चे असतात. म्हणून त्यांची छाटणी ऑक्टोबरात न करता फेब्रुवारीअखेर करावी. कलमाचा जोड मातीखाली गाडावा, बुंध्याशी मातीचा ढीग लावून झाड पोत्यानं झाकावं. आणि रंग उठून दिसावा म्हणून महिन्यातून एकदा तुरटीचं पाणी घालावं. पाठवणारा चांगल्या मनानंच पाठवतो, पण हे ऐकून लोक आपल्या हातानं चांगली झाडं घालवतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलायला हवं.

आधी थंडी. हा सल्ला मुळात जिथं जमीन गोठते तिथला आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाचे जे हार्डिनेस झोन असतात, ते त्या भागातल्या दरवर्षीच्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवर ठरतात. झोन ५ म्हणजे उणे २९ ते उणे २३ अंश सेल्सियस. अशा ठिकाणी गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी मिळत नाही, कोरडा वारा फांद्यांतला ओलावा ओढून घेतो आणि दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठण्यात पेशी फाटतात. तिथं हायब्रिड टी गुलाब, म्हणजे लांब दांड्यावर एकेक मोठं फूल देणारा प्रकार, झाकावाच लागतो. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा साधारण १५ अंशांच्या आसपास असतो. एखाद्या वर्षी कडाका पडला तर १० पर्यंत उतरतो. एवढ्यानं फार तर फूट मंदावते, झाड मरत नाही.

बरं, काटकपणा रंगावर ठरतच नाही, तो वंशावर ठरतो. 'रेन दे व्हायोलेत' हा १८६०चा फ्रेंच जांभळा गुलाब आणि 'फाइलखेनब्लाउ' हा १९०९चा जर्मन वेल, दोन्ही कडक हिवाळ्याच्या देशांत शतकाहून जास्त काळ नांदताहेत. रुगोजा कुळातला जांभळट 'हान्सा' तर कॅनडाची थंडी पचवतो. जांभळ्यांना नाजूक हे नाव पडलं ते मुख्यतः 'स्टर्लिंग सिल्व्हर'मुळे. अमेरिकेत ग्लॅडिस फिशर यांनी १९५७ साली आणलेला हा गुलाब. रंग आणि वास अप्रतिम, वाढ मात्र मरतुकडी. आपल्याकडे नर्सरीत सर्रास मिळणाऱ्या 'ब्लू मून'सकट पुढच्या अनेक जांभळ्या हायब्रिड टींमध्ये त्याचं रक्त आहे. त्यामुळे हे गुलाब लाल गुलाबांपेक्षा जरा कमी जोमाचे असतात, एवढं मात्र खरं आहे. पण ती कमजोरी इथं दिसते पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर पानं सतत ओली राहतात, काळ्या ठिपक्यांचा रोग येतो, झाड बोडकं होतं आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याच्यात दम उरत नाही.

मग लोकांना नोव्हेंबर-डिसेंबरात फांद्या काळ्या पडलेल्या दिसतात, त्या कशानं? सगळ्या गैरसमजाची मुळी इथं आहे, म्हणून जरा थांबून बघू. बर्फानं मारलेली फांदीही शेंड्याकडून खाली काळपट पडते. फोटो शेजारी ठेवले तर दोन्ही सारख्याच दिसतात. कोल्हापुरात जे होतं तो डायबॅक, म्हणजे छाटणीच्या जखमेतून शिरलेल्या बुरशीचा रोग. काळी फांदी हातात घेऊन नीट बघा. काळा भाग संपून हिरवा सुरू होतो तिथं सीमा अगदी स्पष्ट असते, मध्ये बहुधा तपकिरी पट्टा असतो. वरच्या वाळलेल्या सालीवर बोट फिरवलं तर टाचणीच्या टोकाएवढे काळे उंचवटे हाताला लागतात. त्यांतच बुरशीचे बीजाणू तयार होतात. थंडीनं हे उंचवटे उठत नाहीत. आणि हा रोग काही रंग बघून येत नाही. शेजारच्या लाल 'ग्लॅडिएटर'लाही तो धरतो, फक्त पावसानं आधीच खंगलेला 'ब्लू मून' लवकर हार मानतो.

उपाय सोपा आहे. फांदीच्या मधला गर पांढरा दिसेपर्यंत खाली कापत यायचं. एक काप झाला की कात्री स्पिरिटनं पुसायची आणि मगच पुढची फांदी धरायची. कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडचा लेप लावायचा. कापलेलं सगळं वाफ्याबाहेर नेऊन जाळायचं. पोतं घालून यातलं काहीच साधत नाही. उलट आत दमट, कोंदट हवा साठते आणि आपल्या हिवाळ्यातला खरा शत्रू, भुरी, तिथं मजेत वाढते. कोवळ्या पानांवर पांढरी पावडर दिसली की लिटरला दोन ग्रॅम पाण्यात विरघळणारं गंधक फवारा आणि झाडाला ऊन-वारा लागू द्या.

फेब्रुवारीतल्या छाटणीचा सल्ला तर जांभळ्या गुलाबासाठी सगळ्यांत वाईट. छाटल्यापासून फूल यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. परतीचा पाऊस हटल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात छाटलं तर फूल डिसेंबरात, गार रात्रींत उमलतं. जांभळा रंग सगळ्यांत गहिरा चढतो तो तेव्हाच. फेब्रुवारीअखेर छाटलं तर फूल एप्रिलात येणार, पारा ३७-३८ वर असताना. ते उमलतानाच राखाडी दिसतं आणि दुपारपर्यंत कडा करपतात. म्हणजे ज्या थंडीला घाबरायचं म्हणून मेसेज सांगतो, त्या थंडीसाठीच तर हा गुलाब लावायचा! आपल्याकडचे जुने माळी छाटणीच्या वेळी बुंध्याभोवतीची माती काढून मुळं काही दिवस उघडी ठेवत, झाडाला विसावा मिळावा म्हणून. मातीचा ढीग लावण्याच्या नेमकं उलट.

थंड प्रदेशात जोड गाडतात त्यालाही कारण आहे. वरचं झाड गोठून मेलं तरी मातीतल्या जोडापासून पुन्हा फुटावं. इथं गोठायचा प्रश्नच नाही. पंचगंगेकाठच्या चिकण काळ्या मातीत गाडलेला जोड पावसाळाभर ओला राहून कुजतो. शिवाय फूट जोडाच्या वरून आली की खालच्या खुंटातून, म्हणजे ज्या रानगुलाबावर कलम बांधलं त्यातून, हे कळत नाही. खुंटाची फूट जोमानं वाढते आणि वर्षभरात जांभळ्याऐवजी भलतंच फूल येतं. जोड जमिनीच्या वर दोन इंच उघडा हवा.

तुरटीबद्दल फार बोलायला नको. ही युक्ती हायड्रेंजियाची. त्याच्या फुलात डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य असतं आणि ते ॲल्युमिनियमशी जुळून निळं होतं. गुलाबात डेल्फिनिडिन तयारच होत नाही, त्याचा जांभळेपणा सायनिडिन या दुसऱ्या रंगद्रव्याच्या वेगळ्या बांधणीतून येतो. डेल्फिनिडिन आणायला जपानच्या सनटोरी कंपनीला पॅन्सीचं जनुक गुलाबात घालावं लागलं. २००९ साली बाजारात आलेलं ते फूलसुद्धा फिकट जांभळंच आहे. सारखी तुरटी घालून माती तेवढी बिघडते.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच झाड गाडलंय, त्यांनी घाबरू नये. पोतं आजच काढा. बुंध्याची माती हातानं सोडवा, खुरपं नको, साल दुखावते. जोड मोकळा करून दोन दिवस वाळू द्या आणि मऊ पडलेली साल दिसली तर खरवडून तिथं बोर्डो पेस्ट लावा. पाचट पसरायचं असेल तर बुंध्यापासून वीतभर लांब पसरा. काळ्या फांद्या वर सांगितल्याप्रमाणे काढा. छाटणी राहून गेली असेल आणि डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला नसेल, तर हलकी छाटणी अजून करता येते, फुलं जानेवारीच्या अखेरीला मिळतील.