एकाच पाइपात कोंबलेल्या तारा

टाकीतील पाण्याची पातळी दाखवणारा आकडा पंप सुरू होताच ४२ वरून ६० वर उडतो, तिथून ३८ वर आपटतो आणि पंप बंद झाला की शहाण्या मुलासारखा गप्प बसतो. हा नाच पाहण्यासाठी मला सलग तीन रात्री झोपेतून उठवण्यात आले. सेन्सर बदलून झाला, पीएलसीचे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, इनपुट कार्डही बदलून झाले. आकडा मात्र नाचतच राहिला. मग एकाने "फिल्टर वाढवा, सरासरी दिसेल" असा सल्लाही दिला, म्हणजे ताप उतरवण्याऐवजी थर्मामीटरच बदलायचा! शेवटी वैतागून जंक्शन बॉक्स उघडला, तेव्हा ड्राइव्हकडून, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाकडून, मोटरकडे जाणारी केबल आणि सेन्सरचा आकडा पोहोचवणाऱ्या ४ ते २० मिलिअँपिअर सिग्नलची बारीक जोडी एकाच पाइपात तब्बल साठ मीटर गळ्यात गळा घालून गेलेली दिसली. त्या जोडीची शील्ड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारे धातूचे आवरण, तर दोन्ही टोकांना कापून वर काळी टेप गुंडाळलेली होती. अर्थिंगला ती कुठेच जोडलेली नव्हती.

जाब विचारला तेव्हा वायरमनने शांतपणे सांगितले, "साहेब, नियमात बसतं."

माझा खरा संताप या वाक्यावर आहे. यंत्रांच्या वायरिंगचे आयईसी ६०२०४-१ हे मानक वेगवेगळ्या सर्किटच्या तारा शेजारी-शेजारी टाकू देते हे खरे, पण त्यामुळे कोणत्याही सर्किटच्या कामात बिघाड होता कामा नये, ही अट त्याच परवानगीला जोडलेली आहे. व्होल्टेज वेगळे असेल तर मध्ये आडपडदा हवा, नाहीतर सगळ्या तारांचे इन्सुलेशन त्यांतील सर्वांत जास्त व्होल्टेज सोसणारे हवे, ही त्यापुढची अट झाली. आमचे लोक ही दुसरी अट तेवढी तोंडपाठ करतात आणि पहिली सोयीस्कर गिळून टाकतात. अमेरिकेच्या एनईसी या विद्युत नियमावलीचा दाखला देणारे तर आणखी वरचढ असतात. तिथे क्लास १ कंट्रोल सर्किटला, कामाने त्याच यंत्राशी निगडित असल्यास, पॉवरच्या तारांसोबत जाता येते. ही सवलत हे महाभाग खुशाल क्लास २ च्या, म्हणजे मर्यादित शक्तीच्या, २४ व्होल्टच्या तारांनाही लावतात, जिथे मुळात वेगळा पाइप किंवा मध्ये पडदा अपेक्षित असतो.

इन्सुलेशन शॉक आणि आग यांच्यापासून वाचवते, नॉइजपासून, म्हणजे सिग्नलमध्ये घुसणाऱ्या विद्युत गोंधळापासून, नाही. ड्राइव्हमधून साधी साइन वेव्ह निघत नाही. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे व्होल्टेजचे झटके निघतात. शेजारच्या दोन तारा मिळून आपोआप एक कपॅसिटर तयार होतो आणि ज्या इन्सुलेशनच्या भरवशावर हे लोक बिनधास्त असतात, तेच त्या कपॅसिटरच्या पोटातले डायइलेक्ट्रिक, म्हणजे मधला रोधक थर, असते! प्रत्येक झटका त्यातून पलीकडे उतरतो. लांबवर नेलेल्या एसी कंट्रोलच्या तारांमध्ये हाच प्रकार झाला, तर स्टॉप बटण दाबूनही छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, सुटत नाही, आणि तिथे नुसता आकडा नाचून भागत नाही.

आता सिग्नलसाठी वेगळा पाइप टाकला आहे, पॉवरची केबल जिथे ओलांडावी लागते तिथे ती काटकोनात ओलांडली आहे, शील्ड पॅनेलच्या टोकाला अर्थ केली आहे आणि आकडा जागचा हलत नाही. एवढ्यासाठी तीन रात्री, एक सेन्सर आणि एक कार्ड खर्ची पडले. पुढच्या पंपाचे कामही त्याच वायरमनकडे आहे, आणि नव्या पाइपात बरीच जागा उरली आहे तर मोटरची केबल त्यातूनच ओढू का, असे त्याने परवा मला विचारले.