"काकू, पंप घेऊन दाखवा"

आज संध्याकाळी औषधांच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी दम्याचा, धाप लागली की घ्यायचा निळा पंप मागितला आणि दुकानदाराने तो काउंटरवर ठेवत, "ताई, दोन महिन्यांतला हा तिसरा हं," असे हसत म्हटले. त्याही हसल्या. मला हसू आले नाही. एका पंपात २०० फवारे असतात. दोन पंप संपले म्हणजे दिवसाला सहा-सात फवारे झाले, म्हणजे दमा आटोक्यात नाही, हा हिशेब दुकानदाराने केला नव्हता आणि पंप लिहून देणाऱ्यानेही केला नसावा. घरी आल्यापासून डोके तापले आहे, म्हणून लिहितो आहे.

माझ्या आईने अकरा वर्षे पंप चुकीचा घेतला. दवाखान्यात दर वेळी प्रश्न एकच, "काय, दमा कसा आहे?" आणि उत्तरही एकच, "आहे तसाच." गोळ्या बदलल्या, कोजागिरीच्या रात्रीची औषधी खीर खाऊन झाली, पंपाची सवय लागते हे आळीतल्या प्रत्येकाने ऐकवले, पण पंप घेता कसा, असे कोणी विचारले नाही. विचारले ते गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँड पूर्ण करायला आलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीने. "काकू, पंप घेऊन दाखवा." आईने पंप न हलवताच तोंडासमोर धरला आणि अत्तर मारावे तसा जिभेवर फवारा मारला. मुलगी हसली नाही. आधी श्वास पूर्ण सोडायचा, पंप दाबतानाच सावकाश आत ओढायचा, दहा अंक मोजेपर्यंत रोखायचा, हे तिने शिकवले. दाबण्याचा आणि ओढण्याचा मेळ बसेना तेव्हा स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरायला लावला, आणि रोज घ्यायच्या दुसऱ्या पंपानंतर चूळ भरायला सांगितले. सगळे मिळून दहा मिनिटे. अकरा वर्षे आणि दहा मिनिटे!

मग केसपेपरच्या पाठीमागे तिने मराठीत लिहून दिले: बरे वाटत असले तरी रोज कोणता पंप घ्यायचा, रात्री खोकल्याने जाग येऊ लागली तर काय वाढवायचे, आणि बोलताना धाप लागून वाक्य पूर्ण होईना तर वाट न पाहता निळ्या पंपाचे फवारे घेत थेट रुग्णालय कसे गाठायचे. चौथी इयत्ता शिकलेली माझी आई आता स्वतःचा दमा स्वतः सांभाळते.

ओपीडीत शंभर माणसे खोळंबलेली असतात, डॉक्टरांना वेळ नसतो, हे मान्य. पण हे काम डॉक्टरांनीच करावे असे कुठे आहे? ब्रिटनमध्ये दम्याची वार्षिक तपासणी बहुतेकदा दवाखान्यातली नर्स करते. (तिथेही सगळे आलबेल नाही, २०१४च्या अहवालात दम्याने गेलेल्या १९५ जणांपैकी ४३ टक्क्यांची त्याआधीच्या वर्षभरात अशी तपासणी झाल्याची नोंदच सापडली नव्हती.) आपल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी साखर आणि रक्तदाब तपासतात, मग दमेकऱ्याला वर्षातून एकदा बोलावून, महिनाभरात रात्री किती वेळा जाग आली, निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, एवढे विचारायला आणि पंप घेऊन दाखवायला सांगायला कोणते यंत्र लागते?

इतके तावातावाने लिहिले खरे, पण त्या अकरा वर्षांत मी तिच्याच घरात राहत होतो. पहाटे तिला धाप लागली की मीच पंप हातात देत होतो आणि पाठ चोळत होतो. ती तो कसा घेते, हे मीही कधी नीट पाहिले नाही.

तो केसपेपर आता स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागे अडकवलेला असतो. ज्या रात्री निळा पंप लागतो, त्या तारखेच्या चौकटीत आई लाल पेनाने एक ठिपका काढते आणि तपासणीला जाताना कालनिर्णयच गुंडाळून नेते. या महिन्यात आतापर्यंत एकच ठिपका आहे, शेजारी लग्नाचे फटाके वाजले त्या रात्रीचा. पुढच्या मंगळवारच्या चौकटीत तिने लिहिले आहे, "पंप दाखवणे", आणि खाली, "गॅस नंबर लावणे".