कोल्स्टनला म्हणे सगळं ‘वारशात मिळालं’

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘ब्रिस्टलचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन (१६३६–१७२१) वडिलोपार्जित पैशाने श्रीमंत झाला. गुलामांच्या कंपनीत त्याचे नुसते शेअर होते. त्याने सगळं गोरगरिबांना दिलं, म्हणून कृतज्ञ शहराने त्याचा पुतळा उभारला आणि २०२० मध्ये टवाळांनी तो बंदरात फेकला.’ आमच्या मोठ्या काकांनी त्याला हात जोडून पुढे पाठवलाय, म्हणून हे लिहावं लागतंय.

वडील विल्यम वारले १६८१ मध्ये, भाऊ थॉमस १६८४ मध्ये. कोल्स्टन रॉयल आफ्रिकन कंपनीत (हीच ती गुलामांची कंपनी) शिरला १६८० मध्ये, म्हणजे बाप हयात असतानाच! भावाचा ब्रिस्टलमधला धंदा पुढे त्याच्याकडे आला, हे खरं. त्याच्या संपत्तीतला नेमका किती पैसा गुलामांचा होता, हे हिशेब मांडून सांगता येत नाही, हेही मान्य. पण म्हणून ‘सगळं वारशात’?

‘नुसते शेअर’ वाचून तर डोकंच फिरलं. कंपनीचे कागद लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. घरबसल्या लाभांश खाणारा माणूस त्यांत सापडत नाही. वर्षानुवर्षं कारभारी मंडळाच्या बैठकांना बसणारा, समित्यांवर काम करणारा कोल्स्टन मात्र सापडतो. १६८९–९० मध्ये तो कंपनीचा उपगव्हर्नर होता. १६८९ मध्येच त्याने आपले १,००० पौंडांचे शेअर नव्या राजाच्या, तिसऱ्या विल्यमच्या, नावे केले. गप्प बसून असणारा भागीदार थेट राजापर्यंत पोचतो होय? १६८० ते १६९२ या त्याच्या काळात कंपनीच्या जहाजांवर अंदाजे ८४,००० आफ्रिकी माणसं, बायका, पोरं चढवली गेली. त्यांतली सुमारे १९,००० वाटेतच मेली. कंपनी माणसांच्या अंगावर तापल्या लोखंडाने आपली खूण डागत असे. या सगळ्याला ‘शेअर’ म्हणायचं आणि पुढे जायचं!

दानधर्म केला, अगदी भरपूर. शाळा काढली, वृद्धांसाठी घरं बांधली. पण ‘सगळं’ दिलं नाही. लग्न केलं नव्हतं, तरी नातलगांसाठी बरंच मागे ठेवलं. आणि शाळा ‘गोरगरिबांची’ खरी, पण चर्च ऑफ इंग्लंड, म्हणजे इंग्लंडचं अधिकृत चर्च, न मानणाऱ्यांबद्दल त्याला भारी तिटकारा.

राहिली कृतज्ञता. पुतळा उभा राहिला १८९५ मध्ये. तो मेल्यावर १७४ वर्षांनी, आणि ब्रिटिश साम्राज्यात गुलामी रद्द करणारा १८३३ चा कायदा होऊन ६२ वर्षं उलटल्यावर.