फाटू द्या की ती पुस्तकं!

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते. पोस्ट लांबणार.

हाफ डे टाकून सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अंगणवाडीत गेले होते. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चातून, पुस्तकवाटप होतं. कंपनी कुठली ते विचारू नका. पोरांची घरी जायची वेळ टळून गेलेली, खिचडी खाऊन निम्मी पेंगायला लागलेली, तरी साहेब येईपर्यंत सगळ्यांना सतरंजीवर धरून बसवलेलं. पुस्तकांच्या खोक्यापेक्षा फ्लेक्स मोठा. साहेब आले, नारळ, सत्कार, भाषण. तेवढ्यात साडेतीन-चार वर्षांच्या एका पोरीनं खोक्यातलं एक पुस्तक उचललं, कोपऱ्यात फतकल मारून बसली आणि हत्तीच्या चित्राला चक्क जीभ लावली. सोबतच्या मॅडमनी हसत हसत ते काढून घेतलं. "आधी फोटो, बाळा."

फोटो झाले. पुस्तकं कपाटात गेली. कपाटाला कुलूप.

मी सेविकाबाईंना विचारलं, कुलूप कशाला? तर म्हणाल्या, "रजिस्टरला चढवलंय की ओ मॅडम. उद्या तपासणीला एक कमी निघालं, नाहीतर फाटलं, तर उत्तर मीच द्यायचं." त्यांच्यावर राग येईना. पोषण आहार, वजनं-उंच्या, मोबाईलवरची माहिती, लसीकरणाचा निरोप, वर कुठला ना कुठला सर्व्हे. एवढं मानधनावर करणाऱ्या बाईनं चकचकीत इंग्रजी पुस्तकांची भरपाईपण आपल्या पदरची द्यायची का?

आता याच बाईंची दुसरी गोष्ट ऐका. त्यांच्या टेबलावर एक शेळीच्या गोष्टीचं पुस्तक आहे. गड्ड्याच्या जत्रेत स्वतःच्या पैशानं घेतलेलं. कव्हर कधीच गेलंय. पानं लूमच्या सुतानं शिवलीत, आणि जिथं फाटलंय तिथं खळ लावून कागद चिकटवलाय. नवरा कारखान्यात आहे, तिथनंच डब्यात आणलेली खळ. ते पुस्तक त्या रोज वाचतात. वाचतात मराठीतनं, मध्येच तेलुगूत सांगतात, शेळी विहिरीजवळ आली की थांबतात, आणि मग सगळी पोरं एका सुरात पुढचं ओरडतात. पान कुठं उलटायचं हे त्यातल्या सगळ्यात बारक्यालासुद्धा माहीत आहे.

एकही अक्षर न येणारं पोरगं पान उलटायची वेळ ओळखतं, ही वाचनाची सुरुवात नाही तर दुसरं काय आहे?

मी अकाउंट्समधली बाई, त्यामुळे हा सीएसआर मला थोडाफार कळतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. नेटवर्थ ५०० कोटी, नाहीतर उलाढाल १००० कोटी, नाहीतर निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची. म्हणजे हे काही खिशातनं दिलेलं दान नाही, कायद्यानं घातलेला खर्च आहे. जिथं धंदा करता त्या भागाला प्राधान्य द्या, हेही त्यातच लिहिलंय. आमच्या चादर-टॉवेलवाल्या बहुतेक कारखानदारांना हे लागूच नाही, तेवढा नफा कुणाला आहे इथं! लागू आहे ते मोठ्यांना. आणि ते मोठे मार्चएंडला खोकी घेऊन येतात.

"पैसे वर्षाच्या आत संपवायचे असतात हो," हे मला आज तिथंच एकानं ऐकवलं. अर्धंच खरं. कामच लांब पल्ल्याचं असेल तर तसा प्रकल्प मंजूर करून घेता येतो, उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची आणि पुढं तीन वर्षांत खर्च करायची. माणसाच्या पगाराचंही तेच रडगाणं. अरे, ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या ऑफिसखर्चाला. प्रकल्पात प्रत्यक्ष राबणाऱ्याचा पगार प्रकल्पातच धरता येतो. करायचं नसलं की नियम दिसतात.

बरं, मान्य. याच सीएसआरमधून काही अंगणवाड्यांना रंग मिळाला, संडास मिळाले, फिल्टर लागले. ते नसते मिळाले तर आम्हीच बोंब मारली असती. ठीक आहे. पुढं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कपाट देऊ नका, वाचणारं माणूस द्या. आमच्या गल्लीत दहावी-बारावी झालेल्या कितीतरी पोरी आईबरोबर विड्या वळत बसल्यात. त्यांना तेलुगू येतं, मराठी येतं, पोरं त्यांना ओळखतात. अशा एकीला रोज दोन तासांचे पैसे द्या, नीट प्रशिक्षण द्या, अंगणवाडीत बसून गोष्टी वाच म्हणावं. वर्षभर नाही, तीन वर्षं. सेविकाबाईंच्या डोक्यावर अजून एक काम टाकू नका.

आणि पुस्तकं पातळ, स्वस्त आणि पोरांच्या घरच्या भाषेतली द्या. या गावात एका सतरंजीवर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही बसतात. पोरांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेनं २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट सुरू केली, तिथल्या गोष्टी कुणीही फुकट उतरवून छापू शकतं, फक्त लेखक-चित्रकाराचं श्रेय द्यायचं. एकच गोष्ट दोन-तीन भाषांत मिळते. आपल्याच गावातल्या छापखान्यात छापा की! खर्चाच्या कागदावरच लिहून टाका, ही पुस्तकं वापरून संपणारी आहेत, खडू-साबणासारखी. मग ती रजिस्टरला कायमची चढणार नाहीत. बाईंची भीती गेली की कुलूप आपोआप निघेल.

मगाशी चिडून लिहायला बसले होते, पण ते शेळीचं पुस्तक आठवलं की राग जरा उतरतो. विहिरीचं पान तर इतकं मळलंय की शेळी काळी की पांढरी तेच कळत नाही. इतकं वाचलेलं पान मी कुठल्या लायब्ररीत पाहिलं नाही.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आताच्या पालघर जिल्ह्यात) काम सुरू केलं. वस्तीतली पोरं शाळेत येईनात, तर बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी आली ती तिथून. तिला आपण कुलूपवाल्या कपाटापर्यंत आणून ठेवलं.

आता कमेंटमध्ये कुणीतरी येणारच, "अहो, आधी कुपोषण बघा, पुस्तकं कसली!" खिचडी देताना गोष्ट वाचायला कुणी बंदी केलीय का? भरल्या पोटाचीच पोरं होती ती आज, आणि पुस्तक हातातनं काढून घेतलं गेलं.

तुमच्यापैकी चार-पाच जण चिंचोळी एमआयडीसीत आणि पुण्याकडच्या कंपन्यांत चांगल्या हुद्द्यावर आहात, मला माहीत आहे. तुमच्या सीएसआरवाल्यांना ही पोस्ट पाठवा. अंगणवाडी बघायला यायचं तर सकाळी या, मी घेऊन जाईन, सेविकाबाईंना आजच विचारून ठेवलंय. हार-नारळ नको म्हणाल्यात.

नळाला पाणी आलंय, चार दिवसांनी. भरायला उठते. भांडायचं त्यांनी भांडा, रात्री बघते.