नवसाची सायकल

वरुड ९ किलोमीटरवर असताना मागचं चाक दुसऱ्यांदा बसलं. बाभळीचा काटा. पहिल्या काट्याला जादाची ट्यूब गेली होती आणि हातपंपाचा दांडा माझ्या मुठीत आला होता. नागपूर ते चिखलदरा, तीन दिवस, एकटा. कोणी बोलायला नको, कोणी विचारायला नको, हा सगळा बेत त्यासाठीच होता.

फाट्यावर पंक्चरवाला होता. त्यानं ठिगळ झकास लावलं, मग कॉम्प्रेसरची नळी घेऊन चाकाशी बसला आणि बसूनच राहिला. माझ्या सायकलीचा व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे काडीसारखा बारीक. त्याची नळी मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हची. मधे लागतो एक पितळी तुकडा, करंगळीच्या नखाएवढा. तो नागपुरात, माझ्या टेबलाच्या खणात, सुखरूप होता.

तेवढ्यात लिंबाखालच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून आवाज आला, "कुठून?"

पांढरा पायजमा, टोपी, हातात तंबाखूची डबी.

"नागपूरहून, आबाजी."

"सायकलनं?"

"हो."

"काहून?"

आता या 'काहून'ला काय सांगणार? आवड आहे म्हणालो. आबाजींनी तंबाखू मळणं थांबवलं. "यष्टी बंद हाय का?" नाही म्हटलं. "मंग घरून काढलं का? काढलं तं सांग बाप्पा, इथं सारे आपलेच हायेत." आपले म्हणजे एव्हाना जमलेले अकरा जण. त्यांतल्या एकानं किंमत विचारली. ४२ हजारांची सायकल मी १२ हजारांची सांगितली. तरी शांतता पसरली.

"बारा हजारात मडगाट बी नाई?" आबाजी हळहळले. "माया लग्नात सासऱ्यानं सायकल देल्ली होती. मडगाट, कॅरियर, घंटी, डायनामा. तिच्यावर बायको आनली, दोन पोरं शायेत नेली. तुयावर काय नेशीन?"

खरं सांगतो, इथे मला राग आला. माझे वडील तीस वर्षं सायकलनं कचेरीत गेले, त्यांना कोणी एकदाही 'काहून' विचारलं नाही. आज सायकलवर दिसलेला मोठा माणूस एक तर गरीब किंवा बिघडलेला. रस्ते रुंद झाले ते कोणासाठी? डांबराची कड विटेएवढी उंच, मागून ट्रकनं भोंगा मारला की खाली मुरुमात उडी घ्यायची. शहरात सिमेंटचे रस्ते, तर त्यांच्या दोन पट्ट्यांच्या फटीत चाक अडकतं. आणि वर पुन्हा आम्हीच सांगायचं, आवड आहे म्हणून.

तर त्या रागात तोंडातून निघून गेलं, "नवस आहे."

आबाजी खुर्चीतून उठले. मला बसवलं. चहा आला, सोललेलं संत्रं आलं. आंबिया बहराची तोड चालू होती, गावात संत्र्याला तोटा नव्हता. "कोन्या देवाचा?" चिखलदऱ्याच्या देवीचा. "काय मांगतलं?" पोरीला नोकरी. पोरगी आठवीत आहे. पण अकरा डोकी आदरानं हलली. त्यांतल्या एका डोक्यानं माझ्या सायकलीच्या हँडलला हात लावून तो कपाळाला लावला.

आणि तिथेच मी फसलो. संत्र्याचे कॅरेट भरलेला छोटा हत्ती वरुडला चालला होता. ड्रायव्हर देवमाणूस. "टाका सायकल मागं," म्हणाला. मी हँडल उचललंसुद्धा.

"खबरदार!" आबाजी आडवे झाले. "नवसाचा मानूस हाय थो! गाडीत बसला तं नवस तुटते. अन् त्याचं पाप तुया गाडीले लागन."

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, गाडीवरच्या लिंबू-मिरचीकडे पाहिलं, आणि गिअर टाकला. मी म्हणालो, देवी समजून घेईल. आबाजी म्हणाले, "देवी घेईन, मी नाई घेत."

मग निघालो. पायी. हवा नसलेली सायकल ढकलत. पहिले दोन किलोमीटर आबाजी लुनावर सोबत होते, दोन्ही पाय रस्त्याला घासत, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत, "नवस हाय, नवस. पोरीच्या नोकरीचा." कोणी लिफ्ट देईल ही शेवटची आशाही त्यांनी अशी जातीनं मोडीत काढली. वळताना म्हणाले, "येताना परसाद आनजो. इथंच बसून रायतो मी."

वरुडला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सायकलच्या दुकानात एक पोरगं होतं, मिसरूडही न फुटलेलं. त्यानं व्हॉल्व्ह पाहिला, "याचं टोपन कुठं हाय?" विचारलं. खिशातून काढून दिलं, काळं, प्लॅस्टिकचं. त्यानं ब्लेडनं टोपणाचं टोक उडवलं, व्हॉल्व्हची चकती ढिली केली, टोपण उलटं करून फिरवून बसवलं आणि वर मोटारसायकलची नळी लावली. अर्ध्या मिनिटात चाक टणटणीत.

ते टोपण नऊ किलोमीटर माझ्या खिशात होतं.

"किती द्यायचे?" मी विचारलं.

"राहू द्या," पोरगं म्हणालं. "नवसवाले भाऊ तुमीच ना? छोटा हत्तीवाला सांगत होता. माया बारावीचंबी सांगजा तेवढं देवीले."

परत मी अमरावतीवरून आलो. एसटीनं.