लूमचा बुश वेगळा, लोअर आर्मचा बुश वेगळा

सोलापुरातल्या गाडीवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांकडून आला, त्यातला एक माझा धाकटा मेहुणा. मेसेजचं सार असं : कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या भुजेचे) रबरी बुश बदलणं म्हणजे पैशाचा चुराडा. आवाज आला तर ऑइल मारा, गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या. बदलायचेच असतील तर पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयू बुश टाका. ते आयुष्यभर जातात आणि गाडी रेसिंग कारसारखी चालते. कुठलाही फिटर तासाभरात ठोकून देतो.

मेहुण्याकडे टर्बो पेट्रोल गाडी आहे आणि तो महिन्यातून दोनदा पुण्याला जातो, एका बाजूचे 250 किलोमीटर. त्याने हे खरं मानू नये, म्हणून लिहायला बसलो.

ऑइलचा सल्ला कुठून आला असावा, ते मला कळतं. माझे वडील पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे कारागीर होते. लूममधला बुश धातूचा, त्यात शाफ्ट फिरतो, तेल नाही घातलं तर बुश खाल्ला जातो. ते ज्ञान शंभर टक्के खरं आहे, फक्त ते या बुशाचं नाही. लोअर आर्मच्या, म्हणजे खालच्या कंट्रोल आर्मच्या बुशात काहीच फिरत नाही. दोन पोलादी नळ्या, एकात एक, आणि मधलं रबर कारखान्यातच दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट बसते, आतली बोल्टने आवळली जाते. चाक वर-खाली झालं की रबर पिळलं जातं आणि सुटून परत जागेवर येतं. माझा जुना बुश मी हॅक्सॉने मधोमध कापून ठेवलाय; रबर जिथे नळीपासून सुटलं, ती फट त्यात स्पष्ट दिसते.

अशा रबरावर ऑइल मारलं तर काय होईल? नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं आणि धातूवरची पकड सोडू लागतं. करकर थोडे दिवस थांबेल, पण फाटलेल्या बुशाची खडखड थांबणार नाही. गाडी धुतल्यावर खालून डिझेल-ऑइलचा फवारा मारून घेण्याची सवय अजून अनेकांना आहे. तीसुद्धा बुशांच्या मुळावर येते.

अलाइनमेंटचं थोडक्यात सांगतो. मशीन चाकांचे कोन मोजते ते गाडी उभी असताना. बुश फाटलेला असेल तर ब्रेक दाबल्यावर चाक मागे सरकतं, एक्सलरेटर दाबला की पुढे, आणि कोन त्या क्षणी बदलतो. पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या टर्बो गाडीत हे जास्त जाणवतं, कारण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, एकदम येतो आणि स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं. मोहोळच्या पुढे अंधारात उसाची ट्रॉली आडवी आली आणि मी जोरात ब्रेक मारला, तेव्हा माझी गाडी दीड-दोन फूट डावीकडे गेली होती. आठवडाभरापूर्वीच अलाइनमेंट झालेलं होतं, कागदावरचे सगळे आकडे हिरवे. आधी बुश आणि मग अलाइनमेंट, हाच क्रम. बुश बदलल्यावर ते करायलाच लागतं.

आता पीयू. पीयू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कोईंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याने जरूर टाकावेत. चाक जागचं हलत नाही, स्टिअरिंग लगेच उत्तर देतं. पण पीयू सहसा आतल्या नळीला चिकटवलेला नसतो, तो तिच्याभोवती फिरतो. म्हणजे लूमच्या बुशाचा नियम इथे लागू होतो! त्याला ग्रीस लागतं, तेही सिलिकॉनचं, आणि काही काळाने पुन्हा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ त्या फटीत गेली की तो कुरकुरतो आणि झिजतो. मग आयुष्यभर कसा जाईल? शिवाय आर्मचा मागचा मोठा बुश कंपनीने मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, खड्ड्याचा मागच्या दिशेने येणारा धक्का त्याने खावा म्हणून. तिथे कडक पीयू बसवला की तोच धक्का सबफ्रेमला (आर्म ज्याला जोडलेला असतो त्या सांगाड्याला) आणि तुमच्या पाठीला जातो. होटगी रोडने रोज ऑफिसला जाणाऱ्याला यातून काय मिळणार?

राहिलं ‘ठोकून देतो’. मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा येतो, कारण चांगला, महागाचा, ओरिजिनल बुशसुद्धा यानेच वाया जातो. हातोड्याने बाहेरची नळी चेपते. बुश हायड्रॉलिक प्रेसवर, बाहेरच्या नळीच्या मापाचा कप लावूनच बसवायचा. रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात, त्यांची दिशा खुणेप्रमाणे यावी लागते. जुना बुश काढायला गॅसने आर्म तापवू देऊ नका.

आणि बोल्ट. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले की काम बिघडलं. हिशोब करा : आर्म 35 सेंटिमीटरचा धरला आणि चाक 9 सेंटिमीटर खाली लोंबलं, तर आर्म सुमारे 15 अंश कललेला असतो. तिथे आतली नळी जखडली की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं 15 अंश पिळलेलं राहतं, गाडी दारात उभी असतानाही. माझे पहिले नवे बुश असेच आठ महिन्यांत फाटले आणि मी पार्टला दोष देत बसलो. बरोबर पद्धत सोपी आहे. गाडी उचलण्याआधी चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा. बोल्ट हाताने लावा, गाडी स्टँडवर असताना आर्मच्या टोकाखाली दुसरा जॅक देऊन तेवढंच अंतर आणा, मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा. बऱ्याच युरोपीय गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तेही नवे आणा.

नुसत्या वरवरच्या बारीक भेगा दिसल्या म्हणून घाबरून बदलू नका. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा लावून आर्म हलवा. रबर धातूपासून सुटलेलं दिसलं किंवा आरपार चीर उघडली, तर मात्र दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

तासाभरात यातलं काही होत नाही. प्रेस, दोन्ही आर्म, मापावर आवळणं, शेवटी अलाइनमेंट : अख्खा दिवस जातो. मेहुण्याला सांगितलंय, रविवारी सकाळी गाडी घेऊन ये, फेंडरचं माप मी स्वतः टेपने घेऊन लिहून देतो.